शेख बरकातची पाण्यावरची गाडी

कालव्याजवळच्या आमच्या स्टँडवर त्या दिवशी एकही गाडी हलत नव्हती आणि तरीही कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. कैरोत राहणाऱ्या माणसाने एवढ्यावरूनच ओळखावं, की काहीतरी विपरीत घडतंय.

स्टँडच्या मधोमध एक पांढरी मायक्रोबस उभी होती. आमच्या लाइनीवरच्या गाड्यांसारखीच चौदा सीटची, पण नवी कोरी. तिच्याभोवती ड्रायव्हर, उतारू, फुलच्या, म्हणजे शेंगदाण्यांसारख्या शिजवलेल्या घेवड्याच्या, हातगाडीवरची गिऱ्हाइकं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका असा मेळा जमला होता. मी शाळेतून परत येत होते. गर्दीत घुसायचं माझ्या मनात नव्हतं. पण आमच्या घराचा जिना त्या गर्दीच्या पलीकडे होता.

सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर एक माणूस उभा होता. हिरवी शाल, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात कुलूपबंद पेटी. याचं नाव शेख बरकात. आमच्या मशिदीच्या इमामांनी याला दारातून हाकलला होता, पण स्टँडला दारच नाही.

"पाण्यात काय आहे?" तो विचारत होता. "सांगा, पाण्यात काय आहे?"

"क्लोरीन," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

"हसा! पाण्यात आग आहे, माझ्या भावांनो! विज्ञानवालेसुद्धा म्हणतात, हायड्रोजन! पण आगीच्या दारावर कुलूप आहे आणि विज्ञानवाल्यांकडे किल्ली नाही. किल्ली कुणाकडे आहे?"

त्याने पेटी थोपटली. म्हणजे धर्मवाल्यांना धर्म आणि विज्ञानवाल्यांना विज्ञान, एकाच दुकानात दोन्ही माल. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझा पाय तिथेच अडला.

शेखचा ड्रायव्हर झेनहुम, बारीकसा, घामेजलेला माणूस, गाडीखाली शिरला आणि त्याने पेट्रोलच्या टाकीचा नट काढला. होतं नव्हतं ते पेट्रोल डब्यात उतरलं. स्टँडचे मुखिया हाजी मुतवल्ली स्वतः गुडघ्यांवर बसले, टाकीखाली हात धरला आणि कोरडा हात सगळ्यांना दाखवला. हाजी खोटं बोलत नाहीत. त्यामुळेच त्यांना फसवणं फार उपयोगाचं असतं.

नट परत बसला. मग झेनहुमने एकदम आवाज चढवला. "उतरा, सगळे खाली उतरा! आजी, तुम्हीसुद्धा! सिगरेटी विझवा!" फुकटच्या फेरीसाठी जागा धरून बसलेल्यांना त्याने खाली उतरवलं, बॉनेट उघडून वर टेकवलं आणि हाजींच्या ओठांतली सिगरेट सरळ काढून बुटाखाली चिरडली. हाजींच्या ओठांत सिगरेट नाही असं मी लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून पाहिलं नव्हतं. लोकांना वाटलं, पाक म्हणजे पवित्र पाण्याचा मान राखला. मलाही तसंच वाटलं, पण कुठेतरी खुपलं. काय ते कळेना.

शेखने पेटीतून कुपी काढली, पाण्याने भरलेल्या डब्यात तिचे थेंब टाकले आणि ते पाणी आमच्या डोळ्यांदेखत टाकीत ओतलं. गुलाबपाण्याचा वास पसरला. झेनहुमने किल्ली फिरवली. स्टिअरिंगजवळ एक हिरवा दिवा लागला.

"बरकतीचा दिवा!" शेख ओरडला. "पाणी कबूल झालं!"

इंजिन सुरू झालं, आणि असं गुळगुळीत, की आमच्या लाइनीवरच्या खोकणाऱ्या गाड्यांना लाज वाटावी. शेखने पांढरा रुमाल धुराड्यावर धरला. रुमाल पांढराच राहिला. धुराड्याच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले तेव्हा तर त्याने ते बोटावर घेऊन हाजींच्या कपाळाला लावले. "पाणी प्यायली, पाणीच देणार!"

बायका आनंदाने चीत्कारायला लागल्या. लग्नातसुद्धा इतका जोर ऐकला नव्हता मी.

आता हा सगळा खेळ कशासाठी, तेही सांगते. शहरातून फर्मान आलं होतं. महिना संपला की धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्यांना मार्गाचा परवाना मिळणार नाही. परवाना हवा तर गाडी नैसर्गिक गॅसवर करून घ्या. वर्कशॉपमध्ये आमच्या लाइनीची पाळी लागली होती, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हाजींनी होकार कळवायचा होता. नाहीतर पाळी दुसऱ्या लाइनीला जाणार आणि आमच्या गाड्या घरी बसणार. शेख म्हणत होता, त्याच्या कुप्या विकत घ्या, मग गाडी पाण्यावर चालेल, आणि धूरच नसला तर परवाना कोण अडवणार!

पण ड्रायव्हर लोक अडून बसले होते, आणि सगळ्यांत पुढे होता माझा नवरा, उस्ता शाकिर. इथे ड्रायव्हरला उस्ता म्हणतात. माझ्या नवऱ्याला तो मान शोभतोही. पण गॅसचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरायचा. कुठेतरी कुणाचा तरी सिलिंडर फुटला, ही गोष्ट त्याने इतक्यांदा ऐकली आणि इतक्यांना ऐकवली होती, की शेवटी ती त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटायला लागली होती.

"सीटखाली बॉम्ब ठेवून माणसं फिरवू?" तो म्हणायचा. "त्यापेक्षा गाडी कालव्यात घालतो."

आणि आमच्या खिडकीखाली स्टँड. आमच्या घरात पांढरा पडदा कधी टिकला नाही. दोरीवर वाळत घातलेले कपडे धुतले होते की नव्हते, असा प्रश्न पडायचा. आमची मुलगी नवारा नऊ वर्षांची आहे. पहाटे पहिली गाडी सुरू झाली की तिची छाती वाजायला लागायची, भांड्यावरचं झाकण वाफेने थरथरावं तशी. डॉक्टर म्हणाले, घर बदला, नाहीतर धूर बदला. घर बदलण्याची आमची ऐपत नव्हती आणि धूर शाकिरच्याच पोटापाण्याचा. मी रात्रंदिवस त्या दोन भिंतींमध्ये चेंगरत होते. म्हणून मला तो गॅस हवा होता, माझ्या मुलीला श्वास घेता यावा म्हणून.

"आता ते लेकरू आणा!" शेख म्हणाला. "ते दम्याचं लेकरू! माझ्या गाडीत ते गुलाबासारखं फुलेल. धूर नाही तिथे दमा कसला?"

गर्दी दुभंगली आणि शाकिर पुढे आला. त्याच्या हाताला धरून नवारा. शाळेचा गणवेश तसाच, डोळे भेदरलेले.

मी गर्दीतून पुढे घुसले. "शाकिर! हिला का आणलंस?"

"फक्त एक फेरी, सुहैर. रिंगरोडवरून जाऊन यायचं. सगळे ड्रायव्हर बसणार आहेत. तिला बरं वाटलं तर हाजी गॅसला नकार कळवणार."

"आणि नाही वाटलं तर?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "स्टँडसमोर नको. माझी लाज काढू नकोस."

मी नवाराचा हात ओढला असता, तर सगळं स्टँड माझ्यावर तुटून पडलं असतं. या माणसांच्या गाड्या बंद पडणार होत्या. पाण्याने त्या वाचत असतील तर मधे येणारी मी कोण? आणि शाकिरने तिला नेलीच असती, माझ्याविना. मी गाडीत चढले. त्या दिवशी मला दुसरा रस्ता सुचला नाही.

नवाराला सगळ्यांत मागच्या बाकावर मधोमध बसवलं. बरकतीची जागा म्हणे. तिच्या शेजारी मी. पुढच्या रांगांमध्ये हाजी, शाकिर, उस्ता बयूमी आणि बाकीचे ड्रायव्हर, मांडीला मांडी लावून. शेख पुढे झेनहुमशेजारी. झेनहुमने सरकतं दार बाहेरून ओढून लावलं. त्या दाराला आतून मूठ नव्हती. आमच्या लाइनीवरच्या निम्म्या गाड्यांना नसते. उतारू पैसे न देता पळू नयेत म्हणून ड्रायव्हरच काढून ठेवतात. त्यामुळे कुणालाच काही वाटलं नाही.

खमासीनचे, म्हणजे धुळीच्या वादळांचे दिवस होते. रिंगरोडवर चढतो न चढतो तोच वाळवंटाकडून वारा उठला. आकाश पिवळं झालं, समोरची गाडी दिसेना. सगळ्यांनी भराभर काचा वर केल्या. मागच्या काचा तर उघडणाऱ्या नव्हत्याच, रंगीत कागद चिकटवून पक्क्या केलेल्या. पुलाच्या मध्यावर वाहतूक थांबली. पुढे ट्रक, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना कठडा आणि गाड्या.

"बघा," शेख मान वळवून म्हणाला, "धूर आहे? कणभर? लेकरा, कसं वाटतंय?"

नवारा म्हणाली, "गरम."

आधी मला वाटलं, कुणाच्या तरी डब्यातलं लसणाचं काहीतरी नासलंय. मग वास वाढला, सडक्या अंड्यासारखा. हाजींनी नाकाला रुमाल लावला.

"मौलाना, हा कसला वास?"

"दृष्ट!" शेखने लगेच सांगितलं. जणू वाटच बघत होता. "या लाइनीला लागलेली वर्षानुवर्षांची दृष्ट जळतेय. दृष्ट निघाली की घाण सुटतेच. सहन करा. आणि दार उघडू नका, नाहीतर ती परत आत शिरेल!"

झालं. गाडीतले ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. कैरोतला ड्रायव्हर पोलिसाला भीत नाही तेवढा दृष्टीला भितो. गाडी घेतली की आधी निळा मणी टांगतो, विमा मग.

"बयूमी, ही तुझीच," एक जण म्हणाला. "परवा माझ्या नव्या टायरांकडे कसा टक लावून बघत होतास!"

"तुझे टायर? त्यांच्याकडे बघून तर रडू येतं!"

"तरीच माझा क्लच गेला!"

"तुझा क्लच तुझ्या पायाने गेला, गाढवा!"

माणसं हमरीतुमरीवर आली होती, आणि माझ्या शेजारी नवाराची छाती वाजायला लागली होती. मी पर्समधून दम्याचा पंप काढून दिला. तिने ओढला. थोडं थांबून परत ओढला. तिने माझी बाही घट्ट धरली. बोलत नव्हती, दमा वाढला की ती बोलत नाही, नुसती बघते. त्या नजरेसमोर आईला काय वाटतं, ते मला लिहिता येणार नाही.

"शाकिर, दार उघडायला सांग."

शाकिर मागे वळला. त्याने मुलीकडे पाहिलं, मग शेखकडे. "दोन मिनिटं, सुहैर. दृष्ट निघतेय."

तेवढ्यात हाजींचा धीर सुटला. इतका वेळ सिगरेटशिवाय ते बसले हाच खरा चमत्कार होता. त्यांनी एक ओठांत धरली आणि खिशातून लायटर काढला.

पुढे आरशात झेनहुमने ते पाहिलं. "नको, हाजी! आईची शपथ, नको!"

तो असा ओरडला, की गाडी गप्प झाली. शेखने त्याच्या मांडीला चिमटा काढलेला मी पाहिला. "बरकतीचा अपमान होतो," शेख म्हणाला, "म्हणून तो म्हणतोय."

पण मी आरशात झेनहुमचा चेहरा बघत होते. अपमानाच्या भीतीने माणूस असा पांढरा पडत नाही. आणि मग मघापासून जे खुपत होतं ते डोक्यात लख्ख झालं. गेल्या हिवाळ्यात नवाराला दवाखान्यात नेताना आमची टॅक्सी गॅस भरायला थांबली होती. ड्रायव्हरने भर थंडीत आम्हाला खाली उतरवलं. इंजिन बंद, बॉनेट वर, शेजारच्या म्हाताऱ्याची सिगरेट विझव. मी चिडले तर म्हणाला, "बाई, गॅस आहे, सगळ्यांनी उतरायचंच असतं." गॅसच्या गाडीवर काम केलेल्या माणसाच्या हाडात ही सवय मुरलेली असते. गॅस भरायचा नळ बॉनेटखाली असतो, म्हणून बॉनेट वर. झेनहुमने आज अगदी तेच केलं होतं, पाणी भरताना.

मी उठले, वाकून हात लांब केला आणि हाजींच्या हातातला लायटर हिसकावून घेतला. हाजींच्या हातातून कोणी बाई काही हिसकावते, असं आमच्या गल्लीत घडलेलं नाही. सगळे आ वासून बघत राहिले.

"सुहैर!" शाकिर ओरडला.

"उस्ता झेनहुम, पाणी भरताना सिगरेट का विझवलीत?"

झेनहुमने आरशातली नजर काढून समोरच्या ट्रकवर लावली.

"पाण्याने आग विझते. मग पाणी भरताना माणसं खाली का उतरवलीत? बॉनेट का उघडलंत? पाणी तर मागून ओतलं."

शेख सीटवर पूर्ण वळला. चष्म्यामागचे डोळे बारीक झाले होते. "वास कुठून येतोय, भावांनो? नीट हुंगा. मागच्या बाकावरून! कोण बसलंय तिथे? जिला माझं पाणी पहिल्यापासून खुपतंय, तीच! दृष्ट हिच्यात आहे!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि वास खरोखरच माझ्याकडून येत होता. माझ्या पायांजवळून, सीटखालून. मी सकाळ-संध्याकाळ ज्यांच्या गाडीने जाते, ज्यांच्या मुलांना शिकवते, ती माणसं माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मीच त्यांच्या इंजिनांत वाळू घातली. बयूमीने तर निळा मणी मुठीत धरला. आणि शाकिर, माझा शाकिर, खाली बघत होता. त्या क्षणी मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं कधीच वाटलं नाही. दाराला मूठ नाही, काच उघडत नाही, नवरा बोलत नाही.

रसायनशास्त्र सांगून उपयोग नव्हता. मी लायटर मुठीत घट्ट धरला, अंगठा लांब ठेवला.

"बरं, मौलाना," मी म्हणाले. "दृष्ट माझ्यात आहे. मान्य. पण टाकीत तर पाणीच आहे ना?"

"पाकच पाणी!"

"मग हाजींना एक सिगरेट ओढू द्या. फक्त एक. मी लायटर परत देते. तुम्ही तुमच्या तोंडाने म्हणा, 'हाजी, पेटवा.'"

शेखने चष्मा नाकावर सारखा केला.

"म्हणा ना. बरकत एवढ्या मोठ्या गाडीला ओढते, ती हाजींच्या एका सिगरेटीला घाबरते?"

"खरंच, मौलाना," हाजी म्हणाले. त्यांच्या ओठांत सिगरेट अजून तशीच लोंबत होती. "म्हणा की. मला तल्लफ आली आहे."

बाहेर वाळू काचांवर आपटत होती. शेखने एकदा हाजींकडे पाहिलं, एकदा माझ्या मुठीकडे. मग त्याने काय करावं? त्याच्या बाजूच्या दाराला मूठ होती. त्याने ती खेचली, हिरवी शाल सावरली आणि गाडीतून उडी मारून तो ट्रकांच्या मधून पळाला.

माझ्या कुठल्याही शब्दाने झालं नसतं ते त्याच्या पाठीने झालं. सगळी गाडी एकदम किंचाळली. "दार! दार उघड!" शाकिर सीटांवरून झेप घेत मागे आला, नवाराला उचललं आणि खांद्याने दारावर धडका मारायला लागला. झेनहुम इंजिन बंद करून वाळूतून धावत आला आणि त्याने बाहेरून दार ओढलं. आम्ही भाजीच्या पिशवीतून बटाटे सांडावेत तसे पुलावर सांडलो.

वाऱ्यात धूळ होती, पण ती हवा होती. मी माझी ओढणी नवाराच्या नाकातोंडाभोवती धरली. शाकिर तिला कडेवर घेऊन कठड्याला टेकला होता आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसता म्हणत होता, "घे श्वास, बाळा, घे." बऱ्याच वेळाने तिची छाती जरा शांत झाली. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "अम्मा, दृष्ट निघाली?"

"निघाली," मी म्हणाले. "पळत गेली."

झेनहुम पाय ओढत आला. मी काही विचारण्याआधीच त्याने सगळी दारं उघडी टाकली, मागचा बाक वर उचलला. बाकाखाली हिरव्या कापडात गुंडाळलेला लांबलचक सिलिंडर होता. ज्यावर माझी मुलगी बसली होती, तो. त्याने आधी सिलिंडरचा नळ बंद केला. नळाच्या जोडापाशी, खमासीनच्या त्या भाजणाऱ्या दुपारी, चक्क बर्फाचा पांढरा थर जमला होता.

तेवढ्यात शेख परत आला! ट्रकवाल्यांनी त्याला धरून आणला होता, कुणाच्या तरी बॉनेटवरून उडी मारली म्हणून. बर्फ दिसताच गड्याचा आवाज फुटला. "बर्फ! उन्हाळ्यात बर्फ! बघा, भावांनो, आगीच्या पोटी बर्फ!"

आणि काय सांगू, अडकलेल्या गाड्यांतून उतरलेल्या दोघा-तिघांनी खरंच हात पुढे केले, बर्फ डोळ्यांना लावायला. मला हसावं की रडावं कळेना.

"हात मागे घ्या," मी शाळेतल्या आवाजात म्हणाले. तो आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पोचतो. "घरी डास मारायचा फवारा आहे ना? बराच वेळ दाबून धरला की डबा गार पडतो. पडतो की नाही?"

"पडतो," एक बाई म्हणाली.

"तसंच हे. सिलिंडरमध्ये गॅस कोंबून भरलेला असतो. फटीतून सुटताना तो फैलावतो आणि गार पडतो. हवेतली वाफ तिथे गोठते. बर्फ कुठे जमला? जिथे गळतंय तिथेच. आणि गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावं म्हणून तो घाण वास मुद्दाम घालतात. कोणीतरी तुमचा जीव वाचवायला घातलेल्या वासाला यांनी दृष्ट म्हटलं."

"पण बाई, पाणी?" हाजींनी विचारलं. "पाणी तर माझ्यासमोर ओतलं."

उत्तर शाकिरने दिलं. त्याने नवाराला माझ्याकडे दिलं आणि एक शब्द न बोलता पाना घेऊन गाडीखाली शिरला. टाकीचा नट सुटला. पाणी धो धो वाहायला लागलं. पुलावर, लोकांच्या चपलांमधून, गुलाबाच्या वासाचं पाणी. वाहतच राहिलं. गाडीने त्यातला एक घोटही प्यायला नव्हता.

शाकिर बाहेर आला. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. "सगळंच्या सगळं आतच होतं," तो म्हणाला. "ही गाडी सुरुवातीपासून गॅसवर चालत होती."

बाकीचं झेनहुमने कबूल केलं. हिरवा दिवा म्हणजे गाडी गॅसवर आहे हे दाखवणारा साधा दिवा, त्यावरची पाटी खरवडून काढलेली. पेट्रोलचा पंप बंद केलेला, म्हणून टाकीत पाणी घाला नाहीतर सरबत, इंजिनाला पत्ता नाही. इंजिन नवं आणि गॅस स्वच्छ, म्हणून रुमाल पांढरा. गॅस जळला की वाफ होते, तिचं गार धुराड्यात पाणी होतं, तेच थेंब हाजींच्या कपाळावर लागले. सिलिंडर भंगारातून आणून चोरून बसवलेला. "मी आधी गॅसची टॅक्सी चालवायचो," तो मान खाली घालून म्हणाला. "त्यांनी सांगितलं होतं, भरताना काही बोलू नकोस. पण भरायची वेळ आली की तोंडातून आपोआप निघतं."

"म्हणजे," बयूमी डोकं खाजवत म्हणाला, "ज्या गॅसला आपण नको म्हणत होतो, तोच हा आपल्याला पाणी म्हणून विकत होता?"

"तोच," मी म्हणाले.

शाकिर सिलिंडरकडे बघत उभा होता. "बॉम्बच्या भीतीने मी तिला बॉम्बवर बसवलं," तो म्हणाला. त्याने बंद केलेला नळ पुन्हा एकदा घट्ट पिळून पाहिला. मग, "वर्कशॉपवालेही हाच बसवणार ना, सुहैर?"

त्याची भीती खोटी नव्हती, म्हणून मी खोटं सांगितलं नाही. "सिलिंडरच बसवणार. पण तपासलेला, बंद कप्प्यात, गळला तर गॅस गाडीबाहेर जाईल अशी नळी लावून. आणि ठरलेल्या मुदतीत पुन्हा तपासायचा. नाही तपासला, तर तुझी भीती बरोबर ठरेल."

"मग मी तपासून घेईन," तो म्हणाला.

हाजींनी तिथेच, पुलावर, वाऱ्यात कानावर हात धरून फोन लावला. "मुतवल्ली बोलतोय, कालव्याच्या स्टँडवरून. हो, होकार आहे. सगळ्या गाड्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आता तरी लायटर द्या."

"गाडीपासून लांब जाऊन ओढा," मी म्हणाले आणि दिला.

शेख बरकातचं पुढे काय झालं? पोलीस येईपर्यंत ट्रकवाल्यांनी त्याला बसवून ठेवलं. तोवर तो त्यातल्या एकाची पाठदुखी बरी करून देत होता. असा माणूस सुटून येतोच, आणि नव्या स्टँडवर नवं क्रेट मांडतो. म्हणून तुम्हाला माझं साधं सांगणं आहे. त्याच्याशी वाद घालायला मोठी विद्या लागत नाही. जे ओतलं ते कुठे गेलं, जे सांगतोय ते स्वतः करून दाखवतोस का, दार आतून का उघडत नाही, एवढं विचारा. विचारल्याने बरकत पळत असेल तर ती बरकत नव्हतीच. आणि कोणी म्हणालं, थांब, लाज काढू नकोस, तर थांबू नका. मी उशीर केला असता, तर आज ही गोष्ट लिहायला उरले नसते.

आमच्या गाड्या गॅसवर झाल्या. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. नवाराचा दमा गेलेला नाही. खमासीनमध्ये तिची छाती अजूनही वाजते. पण पहाटे ती झोपून असते. दोरीवरचे कपडे वाळल्यावरही पांढरे असतात, आणि मी एक पडदा शिवलाय.

परवा शाकिरच्या गाडीने आम्ही जात होतो. गॅस भरायला थांबलो तेव्हा तो ओरडला, "उतरा, सगळे उतरा, सिगरेटी विझवा!" एक उतारू कुरकुरत उतरला. आम्ही उन्हात लांब उभ्या राहिलो. मागचं दार उघडं होतं आणि सिलिंडरच्या कप्प्याला शाकिरने भला मोठा निळा मणी बांधलेला दिसला, नेमका तपासणीच्या तारखेच्या पट्टीवर.

भरून झालं आणि नळी निघाली, तशी नवारा पुढे गेली. तिने मणी सोडला नाही, नुसता बाजूला सरकवला, वाकून तारीख वाचली आणि बापाला हाक मारली.

"बाबा, पुढच्या महिन्यात तपासायचाय."

"लक्षात आहे," शाकिर म्हणाला.

"मणी इकडेच राहू दे," ती म्हणाली. "तारीख दिसली पाहिजे."